नामशेषांची सहल

संस्कृती पुरती नामशेष झाल्याखेरीज तिचं नीट जतन करता येत नाही, हे सर्वमान्य आहे. जिवंत माणसं मध्येमध्ये लुडबुडतात, प्राचीन दगडांवर कपडे वाळत घालतात आणि माहिती सांगणाऱ्याला दुरुस्त करतात. त्यामुळे आमच्या गावामागच्या जंगलातल्या मंदिरांना पुरातत्त्व खात्याने तारेचं कुंपण घातलं आणि आम्हा माया लोकांना बाहेर ठेवलं, ते योग्यच झालं.

माझी आई फिदेन्सिया हिला मात्र हे शास्त्र अजून पटलेलं नाही. तिचे वडील दर पेरणीआधी त्यातल्या बुटक्या मंदिराच्या पायथ्याशी पावसाच्या देवासाठी भोपळ्याच्या वाटीत मक्याची पेज ठेवत. कुंपण आलं आणि ते बंद झालं. यंदा मोठ्या दुखण्यातून उठल्यावर आई म्हणाली, "एकदा ठेवून येते. पुढे जमेल, न जमेल." म्हणून आई, बायको ओलेगारिया आणि मी एका रविवारी सहकुटुंब सहलीला निघालो. (रविवारी देशवासीयांना प्रवेश मोफत असतो. पूर्वजांना भेटायला आठवड्यातला एक दिवस पुरतो.)

आत गाइड एका घोळक्याला सांगत होता की माया लोक एकाएकी नाहीसे झाले, कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नाही. आईला फार वाईट वाटलं. नीट शोधलं का, असं तिने त्याला आमच्या भाषेत विचारलं. गाइडने तिला फोटोतून जरा बाजूला व्हायला सांगितलं.

बुटक्या मंदिरापाशी माझा मावसभाऊ विल्बर्थ पहाऱ्यावर होता. वाटी पाहून त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, इथे नैवेद्य चालत नाही."

"मग ते काय चाललंय?" आईने चौकाकडे बोट दाखवलं. तिथे पिसांचे मुकुट घातलेली, अंगाला रंग फासलेली तगडी मुलं शंख फुंकून देवांना बोलावत होती.

"ते अधिकृत आहेत."

मग त्याने समजावलं, की प्राचीन विधींना खात्याची हरकत नाही. फक्त करणाऱ्याचा त्यांवर विश्वास असता कामा नये. (अट रास्त आहे. श्रद्धा असली की कार्यक्रम वेळेत आटपत नाही.) आईला चालू दिलं, तर त्याची नोकरी जाणार होती.

आईला भाच्याच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता आणि भरली वाटी परतही न्यायची नव्हती.

"आणि सांडलं तर?"

विल्बर्थने नियम आठवून पाहिले. "सांडायला बंदी नाही, मावशी."

आईने शाल सारखी केली, गुडघे टेकले आणि वडिलांचे शब्द पुटपुटत पेज इतक्या सावकाश सांडली, की तेवढ्यात चर्चमधली प्रार्थना उरकली असती. ओलेगारिया शेजारी उभी राहून "अगंबाई, सांडलं वाटतं" असं अधूनमधून म्हणत शासकीय पूर्तता करत होती. विल्बर्थने टोपी काढली. (घाम पुसायला, असं त्याने नंतर सांगितलं.) घोळक्यातल्या एका बाईने विचारलं, म्हातारी काय करतेय? तो म्हणाला, तोल गेलाय, उठेल आता.

आई उठली. उठताना तिने मला हात लावू दिला नाही.

तर अशी झाली सहल. आता एक विचारतो, रागावू नका. जंगल, मंदिरं आणि माया म्हटल्यावर तुम्हीही मघापासून नरबळीची वाट पाहत होतात ना? तो दुपारच्या खेळात असतो. बळी जाणारा ओलेगारियाचा धाकटा भाऊ आहे. टाळ्या जरा लवकर वाजवा, म्हणजे बिचारा उठून जेवायला घरी येईल.