न लागणारा शब्द

मावशींचं डोकं सकाळीच फिरलं. परदेशी मालिकांना इंग्रजी ओळी लावून देणाऱ्या त्या ऑफिसात स्पॅनिशचं काम त्यांच्याकडे असे, आणि वयानं मोठ्या म्हणून सगळे त्यांना मावशी म्हणत. पडद्यावर एक आई उभी होती. तिच्या मुलाला गुंडांनी भर चौकात बडवलं, आणि अख्खी गल्ली खिडक्यांआडून बघत राहिली. त्या गल्लीला ती एकच शब्द ओरडून सुनावत होती, 'पुसिलानिमेस!' म्हणजे भेदरट, शेपूटघालू. मावशींनी खाली लिहिलं होतं, 'कावर्ड्स'. तपासून परत आलं ते 'केअरफुल पीपल' होऊन.

मावशी तरातरा तपासनिसाकडे गेल्या. "पोराचं डोकं फुटलंय, आणि आई यांना शाबासकी देतेय होय रे?"

"मी नुसतं 'टिमिड' केलं होतं, मावशी. कावर्ड जरा लागतो."

"कुणाला लागतो?"

"लागेलच ना कुणालातरी!"

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टिमिडचं 'शाय' केलं होतं, कारण साहेबांना टिमिड खपणार नाही असं त्यांना वाटलं. साहेबांनी शायचं केअरफुल केलं ते वाहिनीवाल्यांच्या धाकानं.

मावशी दोघांना घेऊन साहेबांच्या खोलीत घुसल्या. "वाहिनीवाले काही बोलले?"

"छे हो. त्यांना विचारायला जातंय कोण?" साहेब म्हणाले. "खरं सांगू? मला तुमचाच शब्द आवडला होता."

"मलाही," बाई पुटपुटल्या.

"मला तर फारच," तपासनीस म्हणाला.

"मग ठेवा की तोच!"

तिघंही एकमेकांची तोंडं बघू लागली. भाग दुपारी दाखवायचा होता. त्या आईचा सगळा संताप पाण्यात जाणार, या विचारानं मावशींचा तोल सुटला.

"कावर्ड्स! चिकन्स! स्पाइनलेस! एकाच्याही अंगात धमक नाही!"

साहेबांनी हळूच पेन उघडलं. "थांबा, लिहून घेतो. यातला कुणालाच न लागणारा कोणता?"

तपासनिसाचे कान लाल झाले होते. "स्पाइनलेस तेवढा नको, साहेब. मला लागला."

मावशींनी साहेबांचा कीबोर्ड पुढ्यात ओढला, आईच्या तोंडी तोच लागलेला शब्द घातला आणि तिथल्या तिथे भाग पाठवून दिला. तिघंही बघत होती. अडवायला कोण पुढे येणार?