माझी टेप, मास्तरांची फक्की

मापाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी नाही सांगत, माझी सत्तावीस वर्षांची टेलरिंग सांगते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतंय तोवर त्याची कंबर माझ्या डोक्यात बसलेली असते. टेप आपली त्याच्या समाधानासाठी लावायची. त्यामुळे शेजाऱ्याशी हद्दीचा वाद निघाला तेव्हा मी बायकोला ठणकावून सांगितलं, "वाद मापाचाच आहे ना? मग जिंकल्यात जमा धर!"

"माणसाचं माप वेगळं आणि जमिनीचं वेगळं," बायको म्हणाली.

"उलट सोपं! जमीन पोट आत घेऊन उभी राहत नाही!"

बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिच्या अशा पाहण्याकडे मी वेळीच लक्ष दिलं असतं तर आयुष्यातले बरेच प्रसंग टळले असते. हा तर नक्कीच टळला असता!

आमचे शेजारी म्हणजे शाळेतले कवायतीचे मास्तर. आता निवृत्त. पूर्वी आमचं छान होतं. माझ्याकडेच कपडे शिवायचे, दुकानात तासभर गप्पा मारायचे. पण दोन वर्षांपूर्वी शाळेत त्यांचा निरोप समारंभ झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी आमच्या दोन घरांच्या मधोमध फक्की मारली. फक्की म्हणजे मैदानावर धावपट्टी आखायला टाकतात ती पांढरी पूड. तेव्हापासून रोज सकाळी नवी रेघ! कुणाचा पाय रेघेवर पडला की मास्तरांच्या खिडकीतून शिट्टी वाजलीच. गॅस सिलिंडरवाला एकदा त्या शिट्टीनं सिलिंडर खांद्यावर घेऊन पाच मिनिटं सावधानमध्ये उभा होता! कारण विचारायला गेलो की मास्तर खिडकी लावून घेत. रिकामपण डोक्यात गेलं असेल म्हणून मीही सोडून दिलं.

पण आता मला ती मधली जागा हवी होती. आईसाठी.

आईचे गुडघे पार गेलेत आणि आमचं न्हाणीघर वरच्या मजल्यावर. चौदा पायऱ्या! गेल्या महिन्यात नवव्या पायरीवर तिचा पाय सटकला. कठडा हाताशी होता म्हणून वाचली. वर पुन्हा मलाच म्हणते कशी, "काही झालं नाही रे, जरा बसले होते." नवव्या पायरीवर कोण बसतं हो? त्या दिवसापासून ती अंघोळीला निघाली की माझं मशीन बंद पडायचं. पाय पॅडलवर आणि कान जिन्याकडे. खाली न्हाणीघर बांधायला एकच जागा होती, ती मधली चार फुटांची पट्टी. आणि तिच्यातला एक फूट मास्तरांच्या रेघेपलीकडे जात होता.

मी जागेचे कागद काढले. पलीकडच्या दगडी भिंतीपासून आमची जागा चाळीस फूट, स्पष्ट लिहिलेलं. झालं तर मग! माझी टेप साठ इंची, म्हणजे पाच फूट. आठ वेळा टाकली की चाळीस. टेप टाकली, खडूनं खूण केली, पुन्हा टाकली, पुन्हा खूण केली. सत्तावीस वर्षांचा सराव! आठवी खूण झाली आणि मी ओरडलोच, "बघ! आपली हद्द रेघेच्या पलीकडे फूटभर आहे! मास्तरांनी आपली फूटभर जमीन खाल्ली!"

"पुन्हा एकदा मोजा," बायको म्हणाली.

मी पुन्हा मोजली. तस्साच फूटभर! खात्रीसाठी तिसऱ्यांदा मोजली. तीनदा मोजून एकच उत्तर येतं म्हणजे चूक कुठून असणार?

त्याच आठवड्यात मास्तर पंधरा दिवसांसाठी लेकीकडे गेले. मी लगेच गवंडी बोलावला. तिसऱ्या दिवशी गवंडी दुकानात आला. "टेलर, मधे एक खांब येतोय. लोखंडी. त्याला दोरी बांधलेली आहे."

तो मास्तरांचा कपडे वाळत घालायचा खांब होता.

"आपल्या हद्दीत आहे ना? मग राहू दे आतच," मी ऐटीत म्हणालो. "आईला धरायला होईल!"

असा तो खांब आमच्या न्हाणीघरात आला. चार फूट रुंद, साडेसहा फूट लांब, खाली खरखरीत फरशी, बसायला स्टूल. पहिल्या दिवशी आई आत गेली, खांबाला धरून उठली-बसली आणि बाहेर आली. माझ्या गालावर तिनं ओला हात ठेवला. मला काय वाटलं ते तुम्हाला सांगायला हवंय का?

पंधराव्या दिवशी मास्तर परतले. सकाळी सात वाजता शिट्टी वाजली. एवढी लांब, की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली. मी धावत बाहेर आलो. मास्तर एका हातात ओला बनियन आणि दुसऱ्या हातात दोरीचं टोक घेऊन आमच्या नव्या भिंतीसमोर उभे होते.

"टेलर, माझा खांब कुठाय?"

"आत आहे," मी म्हणालो.

"आत कुठे?"

"न्हाणीघरात."

"माझा खांब तुमच्या न्हाणीघरात काय करतोय?"

आतून आई ओरडली, "मी धरलाय त्याला! कुणी आत येऊ नका!"

मास्तर लालबुंद झाले. मी शांतपणे टेप काढून दाखवली. ते म्हणाले, मी तीस वर्षं मैदानं आखली आहेत. मी म्हणालो, मी सत्तावीस वर्षं माणसं मापली आहेत. ते म्हणाले, माझी रेघ एक बोट इकडची तिकडे होत नाही. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. "होऊन जाऊ दे सरकारी मोजणी! अर्ज मी करतो!"

बायकोनं कपाळाला हात लावला. अर्ज मी केला. माझ्याच हातानं, माझ्याच सहीनं!

तीन आठवड्यांनी मोजणीवाले साहेब आले. सोबत यंत्र, साखळी, नकाशा. गल्ली लोटली होती. मी इस्त्रीची पँट घालून, गळ्यात टेप अडकवून, नवरदेवासारखा उभा! ती पँट मी गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून बेतली होती. माझ्या सगळ्याच पँटी तशा. बायको नेहमी म्हणते, स्वतःला एकदा तरी पुरतं कापड घ्या. पण आत्ता ते राहू द्या.

साहेबांनी दोन तास मोजलं. मग मास्तरांच्या रेघेपाशी उकिडवं बसून चष्मा पुसला. "ही रेघ कुणी मारली?"

"मी," मास्तर म्हणाले.

"कमाल आहे! एक बोटाचाही फरक नाही! आमच्या खात्यात असं कुणी आखत नाही हो!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. नेमकी फूटभर!

"अशक्य!" मी म्हणालो. "मी तीनदा मोजलंय!"

"कसं मोजलंत, दाखवा बरं."

मी टेप टाकली. पाच फूट झाले. अंगठा पुढे सरकवला आणि खडूनं खूण केली.

"थांबा," साहेब म्हणाले. "टेप तर इथे संपली. खूण पुढे का?"

"ती माया," मी म्हणालो.

"कसली माया?"

"शिवणीला जास्तीचं कापड सोडतात ना, साहेब, त्याला माया म्हणतात. दीड इंच तर सोडावीच लागते. नाहीतर..."

सगळी गल्ली माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

"आठ वेळा दीड इंच," बायको हळूच म्हणाली. "बारा इंच होतात हो."

मी जमिनीला शिवणीची माया सोडली होती! एकदा नाही, तीनदा! गल्लीत जे हसू उसळलं ते काय सांगू? साहेब हसता हसता म्हणाले, "मी एक पँट शिवायला टाकणार होतो तुमच्याकडे. राहू द्या आता."

मग त्यांनी चेहरा सरळ केला. भिंत मास्तरांच्या जागेत फूटभर होती. मास्तर म्हणतील तर पाडावी लागणार. आणि फूटभर आत घ्यायची तर उरतात तीन फूट. तीन फुटांत एक तर आई मावेल, नाहीतर बादली.

मी मागे वळून पाहिलं तर दारात बसलेली आई जागेवर नव्हती. न्हाणीघराच्या कडीचा आवाज आला.

"आई, बाहेर ये."

"नाही येत. मी स्टुलावर बसले आहे. पाडायचं तर माझ्यासकट पाडा."

"काकू," मास्तर न्हाणीघराच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "तुमच्याशी माझं भांडण नाही."

"मग कुणाशी आहे? दोन वर्षं शिट्ट्या मारताय, एकदा तोंडानं बोला की!" आई आतून म्हणाली. आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "मास्तर, तुमचा खांब धरून उठते हो मी रोज. परवा साबणावरून पाय घसरला, तो खांब होता म्हणून आज बोलतेय. आता त्या चौदा पायऱ्या माझ्यानं होणार नाहीत."

गळ्यातली शिट्टी मास्तरांनी हातात घेतली, पण वाजवली नाही. मग माझ्याकडे वळले.

"टेलर, माझ्या निरोप समारंभाची पँट आठवते?"

"करड्या रंगाची. कापड थोडं कमी होतं, पण मी बसवली."

"बसवलीस! मुलं म्हणाली, मास्तर, शेवटचं एकदा करून दाखवा. मी पायाचे अंगठे धरायला वाकलो." त्यांचा आवाज चिरकला. "चारशे मुलं होती. तीस वर्षं ज्यांना 'हसायचं नाही' म्हणून दम दिला, ती चारशे मुलं! पुढचं भाषण मी भिंतीला पाठ लावून केलं."

कापड कमी म्हणून मी त्या पँटीला मायाच ठेवली नव्हती. तेव्हाच सांगायला हवं होतं, मास्तर, अजून कापड आणा. पण आपली शेखी!

"जिथे माया सोडायची तिथे सोडली नाहीस," मास्तर म्हणाले, "आणि जिथे सोडायची नाही तिथे फूटभर सोडलीस!"

खरं सांगतो, मला लाज वाटली. फार लाज वाटली. सगळ्यांसमोर मी त्यांची माफी मागितली. मास्तर म्हणाले, "मला तशीच पँट शिवून दे. रविवारी सकाळी मी इथेच, याच लोकांसमोर ती घालून कवायत करणार. शिवण टिकली तर भिंत राहील, तसं लिहून देतो. उसवली तर भिंत पाडायची!"

"काकूंचं काय?" साहेबांनी विचारलं.

"ते टेलरच्या हातात आहे," मास्तर म्हणाले.

चार दिवस मी दुसरं कापड हातात घेतलं नाही. माप घेताना माझा अंगठा पुढे सरकला की मास्तर शिट्टी मारत होते. बैठकीची शिवण मी तीनदा मारली. बायको शेजारी बसून एकेक टाका तपासत होती. शनिवारी आईनं ती पँट दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि म्हणाली, "माझे गुडघे यात आहेत रे बाबा."

रविवारी गल्ली पुन्हा भरली. साहेब सुट्टी असून आले. म्हणाले, कागदावर काय लिहायचं ते बघून लिहितो. आई न्हाणीघरात, कडी लावून. म्हणाली, मला बघवणार नाही.

मास्तर नवी पँट घालून मधोमध उभे राहिले. शिट्टी वाजली. उठाबशा! एक, दोन, तीन... मी जवळ सरकलो. सहा, सात... शिवण ताणली जात होती. दहा! टिकली! मग मास्तरांनी हात वर केले. पायाचे अंगठे! ते हळूहळू वाकायला लागले. मला शिवण नीट दिसेना, म्हणून त्यांच्या मागे मीही वाकलो. ते आणखी वाकले, मी आणखी वाकलो. त्यांची बोटं अंगठ्यांना टेकली आणि...

टर्रर्र!

कुणी हललं नाही. मास्तर वाकलेलेच. त्यांचा एक हात सावकाश मागे गेला, शिवणीवरून वरपासून खालपर्यंत फिरला. ते ताठ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत प्रथमच हसू आलं.

"शाबूत आहे!" ते ओरडले. "टेलर, शाबूत आहे!"

गल्लीनं टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी तिथल्या तिथे कागद लिहिला, मास्तरांनी सही केली. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मी नाचायचाच बाकी होतो. पण मी नाचलो नाही. मला मागून गार वारा लागत होता.

मी एकेक पाऊल मागे सरकत, सगळ्यांकडे बघून हसत, नव्या भिंतीला जाऊन पाठ टेकली. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांना लगेच कळलं! त्यांच्याइतकं त्या उभं राहण्यातलं कुणाला कळणार? त्यांनी शिट्टी तोंडाकडे नेली, माझ्याकडे पाहिलं आणि देवमाणसासारखी ती परत गळ्यात सोडली.

"अरे, काहीतरी फाटल्याचा आवाज आला!" आतून आई घाबऱ्या आवाजात ओरडली. "भिंत गेली का रे?"

"नाही आई, राहिली!" मी म्हणालो. "मी तिला टेकूनच उभा आहे. आणि ही सगळी माणसं घरी जाईपर्यंत इथून हलत नाही!"