उपदेश थांबवणारे याकोबकाका

मी आज जो काही आहे तो सॅम्युएल गुरुजींमुळे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि त्या वर्षांत जेवण त्यांच्याच घरी असे. पुढे मी रिसोडच्या चर्चमध्ये पाळक झालो. गुरुजींनी सगळं शिकवलं, याकोबकाकांशी कसं वागावं एवढं सोडून.

याकोबकाका उपदेश मध्येच थांबवतात. पहिल्या बाकावरून हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा साहेब, मागचे चढले नाही अजून." जन्मभर एसटीत कंडक्टर होते, मंडळीलाही ते बसच समजतात. मग मला शेवटची वाक्यं पुन्हा म्हणावी लागतात. मागचे केव्हाच चढलेले असतात, उलट उतरायच्या बेतात.

एकदा मी क्षमेवर बोलत होतो. दोन भावांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण. धाकटा माफी मागायला थोरल्याच्या दारात पोचला, बायकांनी डोळ्यांना पदर लावला, आणि काका उठले.

"धुरा किती सरकवला होता?"

"काका, गोष्ट आहे ती."

"गोष्टीत धुऱ्याले माप नसते काय?"

"एक फूट."

"हं. चालू द्या."

धाकटा तोवर दारातच उभा.

शेवटी दोन घरांनी मला बजावलं, "एक तं काका येतीन, नाही तं आमी." आमची मंडळीच मूठभर. गुरुजींना आता कमी ऐकू येतं, म्हणून पत्रानं विचारलं. उत्तर आलं, "काढायचं तर काढ. पण निरोप दुसऱ्याहाती धाडू नकोस. स्वतः घरी जा, आणि मला कळव."

रविवारी दुपारी गेलो. परत येऊन लिहिलं:

"आदरणीय गुरुजींना सलाम.

याकोबकाकांच्या बायकोला, मार्थाकाकूंना, लकवा झाल्यापासून मी त्यांच्याकडे प्रार्थनेला जातोच, पण रविवारी दुपारी कधी गेलो नव्हतो. दारातच मला सकाळचा माझा उपदेश ऐकू आला. काका खाटेजवळ उभे राहून, माझ्यासारखे हात हलवत काकूंना तो सांगत होते.

'मंग शेवटी काय म्हणले साहेब?' काकूंनी विचारलं.

काका अडखळले. 'आज घाईनं सांगतलं त्यायनं.'

'तुमीच नीट आयकत नाही.'

'आयकतो वं. इचारतो बी. लोकं चिडतात.'

निरोप सांगणं झालंच नाही. खाटेशी बसून सगळा उपदेश पहिल्यापासून सांगितला. काकांनी एकदाही अडवलं नाही. काकूंनी मात्र बऱ्याचदा अडवलं.

त्या दोन घरांकडे उद्या जातो. रविवारी दुपारी माझ्यासोबत याकोबकाकांकडे चला, एवढंच म्हणेन.

तुमचा,
प्रकाश"