खोब्रागडे भाऊंची नावांची यादी

आमच्या ऑफिसात कुणी "चार नंबरची मशीन बंद आहे" असं म्हणालं, की खोब्रागडे भाऊ खुर्चीवरून ताडकन उठतात. "चार नंबर? काहून, जेलात हाय का ते? नाव नाही त्याले?" आणि बोलणारा जोवर "बावनथडी बंद आहे, भाऊ" असं नीट म्हणत नाही, तोवर ते मशीनला हात लावत नाहीत.

तुम्ही म्हणाल, गमतीदार माणूस आहे. पाच वर्षं शेजारी बसून बघा, मग बोलू.

बालाघाटात, कोर्टामागच्या गल्लीत, तांदळाच्या एका जुन्या गोदामाच्या वर आमचं ऑफिस आहे. जमिनीखाली काय दडलंय याचे नकाशे आम्ही बनवतो. त्यातली आकडेमोड एका संगणकाला झेपत नाही, म्हणून आठ संगणक एकमेकांना जोडलेत. याला क्लस्टर म्हणतात. भाऊ म्हणतात, "क्लस्टर नोको म्हणू, एकत्र कुटुंब म्हण. भांडनं बी तशीच होतेत."

या कुटुंबातल्या प्रत्येक संगणकाला नेटवर्कची दोन कार्डं आहेत, म्हणजे दोन दारंच म्हणा. पुढच्या दारानं आम्ही ऑफिसवाले ये-जा करतो. मागचं दार वेगवान, त्यातून ते आठ जण आपापसात बोलतात. दर दाराला आकड्यांचा वेगळा पत्ता असतो, तो कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून त्याला नाव द्यायचं. नाव विचारलं की पत्ता सांगणारी यादी म्हणजे डीएनएस, आणि ती यादी म्हणजे भाऊंचा जीव. त्यांनी नद्यांची नावं दिली. पुढचं दार "वैनगंगा", मागचं "वैनगंगा-आत". "एका दाराले एक पक्कं नाव. टोपणनावं पायजे तितकी ठेवा, पन कोन्या दाराची हायत ते ठाऊक पायजे!" यात कुणी चुकलं, की भाऊंचा आवाज खालच्या पानठेल्यापर्यंत जातो. पानठेलेवाला मान वर करून विचारतो, "आज किसका नाम बिगड़ा?"

बरं, हे वेड मशीनपुरतं असतं तर आम्ही सोसलं असतं. "ए ऑटो" म्हणून हाक मारली तर हा माणूस त्या ऑटोत बसत नाही. आधी चालकाचं नाव विचारणार, मग भाडं. माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. माझ्या आईनं पाहुण्यांना सांगितलं, "हे आमची लालबर्रेवाली." भाऊ हातात ताट घेऊन मांडवात उभे होते, तिथूनच कडाडले, "लालबर्रा गाव हाय, बाई! सुनेचं नाव काय?"  आई पुढे आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू ओरडलो मीच. बायको मात्र अजून सांगते की भर मांडवात तिचं नाव विचारणारा तो एकच माणूस होता. म्हणजे तीही त्यांच्याच बाजूची.

दिवसातून एक मिनिट तेवढं हा माणूस शांत असतो. सकाळी अकरा वाजता भाऊ पडद्यावरच्या एका काळ्या खिडकीत एक शब्द टाइप करतात. समोरून उत्तराच्या ओळी येत राहतात, भाऊ त्या बघतात, चष्मा पुसतात आणि पुन्हा कुणावर तरी ओरडायला मोकळे होतात. मला वाटायचं, मशीन जागी आहे का तेवढं तपासत असतील.

गेल्या महिन्यात नागपूरहून नवे साहेब आले. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "ये नदी-नाले हटाओ. एक से आठ नंबर दे दो." भाऊ दोन दिवस सुटीवर होते. खरं सांगतो, मला आनंद झाला. यादीत माझ्याकडून एक टिंब राहिलं म्हणून त्याच आठवड्यात भाऊंनी मला सगळ्यांसमोर धुतलं होतं. मी दात-ओठ खात नद्या काढून नंबर घातले, यादी साफ केली. एका मशीनला दोन नावं कशाला? दोन्ही दारांना एकच नाव लावून टाकलं. "बावनथडी-आत"ला एक टोपणनाव चिकटवलेलं होतं, "शेवंता". कुठल्याच कामात ते वापरलेलं नव्हतं. तेही उडवलं.

सोमवारी दुपारपर्यंत एक मोठा नकाशा द्यायचा होता. सकाळी पाहतो तर काम अडलेलं. एकाच नावाला दोन पत्ते, त्यामुळे मशीन कधी पुढच्या दारानं जायच्या तर कधी मागच्या. पुढच्या दारानं माल रांगत होता, मागच्या दारानं आलेल्याला कुणी ओळख देत नव्हतं. साहेब माझ्या डोक्यावर उभे, आणि हुकूम आपला होता हे सोयीस्कर विसरलेले.

भाऊ आले. आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. ते सरळ जाऊन बसले, अकरा वाजता तो शब्द टाइप केला. पडद्यावर आलं, हे नाव माहीत नाही. त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

"कोनं मिटवलं?"

पाच वर्षांत त्यांचे सगळे आवाज मी ऐकलेत, हा ऐकला नव्हता.

"मी मिटवलं, भाऊ. कामाचं नव्हतं ते." आता माझंही डोकं फिरलं. "इथं नकाशा अडकून पडला, साहेब मले खाऊन राह्यले, आन् तुमाले एका फालतू नावाचं पडलं हाय?"

त्यांनी उठून हात उगारला. मग खाली घेतला आणि बसले.

"फालतू. हौ. आमच्या घरी बी तिले असंच समजलं."

साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा भाऊ मला हळूच म्हणाले, "बोपचे, शेवंता माही बायको हाय. भरवेलीची. माह्या मायनं पहिल्या दिवशी भरवेलीवाली म्हटलं, मंग साऱ्या घरानं. मी बी. बावीस वर्षं. सहा वर्षांआधी भावाकडं निघून गेली. जातानी म्हने, या घरात शेवंता कवा आलीच नाही."

"फोन करा ना मग."

"केलता. हॅलोच्या पुढं तोंडातून भरवेलीवालीच निघालं. तिनं ठेवून देल्ला. म्हनून रोज लिहितो. हाताले सवय झाली तं तोंडाले होईन." मग म्हणाले, "आन् त्या नावानं कोनी तरी जवाब देते."

भरवेली इथून ऑटोनं पंधरा मिनिटं आहे. मला इतका संताप आला! "बावीस वर्षं, भाऊ? लाज नाही वाटली?"

"वाटते नं," ते म्हणाले.

मी खुर्ची ओढली आणि यादी परत लिहायला बसलो. प्रत्येक दाराला त्याचं नाव दिलं. साहेब येऊन काही बोलायला लागले, त्यांना मी पहिल्यांदाच "चुप बैठो, सर" म्हणालो. शेवटी बावनथडीच्या आतल्या दारावर शेवंता लिहिलं. नकाशा धावू लागला. भाऊंनी टाइप केलं, उत्तराच्या ओळी आल्या. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही.

"तुहा फोन दे," ते म्हणाले. "माहा नंबर ते उचलत नाही."

ते फोन घेऊन गॅलरीत गेले. दार उघडंच होतं.

"हॅलो. शेवंता?"

 मग तिकडून कोण बोलतंय असं विचारलं असावं, कारण भाऊंनी नेहमीसारखी छाती पुढे काढली, "खोब्रा..." एवढं म्हणाले आणि थांबले.

"मी," ते म्हणाले, "श्रावण."

त्यांच्या टेबलावरची "एस. खोब्रागडे" ही पाटी मी पाच वर्षं रोज वाचत होतो. एस म्हणजे काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.