देवाजीभाऊंची मागची सीट

माजरीच्या आमच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या देवाजीभाऊंनी फटफटीला किक मारली, की ते मान अर्धी वळवून विचारत, "बसली का?" उत्तर आल्याशिवाय गिअर पडत नसे.

मागे कोळसा भरणारा मिशीवाला लोडर बसलेला असला तरी प्रश्न तोच. खाणीतली माणसं मुद्दाम बारीक आवाज काढत, "बसली जी, चला!" मी शाळेतला गुरुजी, पण त्यात मीही आलोच, शेजारी मग असतात कशाला? भाऊ गालातल्या गालात हसत आणि गाडी सोडत.

या प्रश्नाचं मूळ सिरोंच्याच्या वाटेवर. आलापल्लीच्या जंगलापलीकडे भाऊंची सासुरवाडी. दर उन्हाळ्यात नवराबायको फटफटीवर निघत. तेव्हा तिकडचा रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी आणि लाल फुफाटा. नाल्यांवर पुलाचा पत्ता नाही. नाला आला की सुमनबाई उतरत, लुगडं खोचून काठीनं पाणी चाचपत पुढे चालत, आणि त्यांच्या मागोमाग भाऊ गाडी घालत. पलीकडे बाई पुन्हा मागे बसत.

एकदा पलीकडच्या काठावर बाईंना पिकली टेंभरं दिसली. त्या झाडाकडे वळल्या आणि आमचे भाऊ निघाले की हो तसेच! हवेत मोहाचा वास, गाडी आपल्याच तंद्रीत चाललेली. भाऊ खाणीतल्या साहेबाची गोष्ट रंगवून सांगतायत. बाई मळून देत त्या तंबाखूसाठी हात मागे केला, तर हातावर काहीच पडेना. वळून पाहतात तो सीट रिकामी! बोंबलत परत आले. बाई दगडावर बसून निवांत टेंभरं खात होत्या.

"आता मी बसली म्हणल्याबिगर गाडी हालवाची नाई," एवढंच त्या बोलल्या.

एका पावसाळ्यात सुमनबाई तापानं गेल्या. त्यानंतर कोणाच्या तोंडून तो बारीक आवाज निघेना. भाऊ किक मारत, विचारत, वाट पाहत. मागचा "हो भाऊ, चला" म्हणे, पण भाऊ गाडी बंद करून घरात निघून जात. फटफटीवर धूळ बसली. पाहून जीव तुटायचा.

उन्हाळ्यात म्हाताऱ्या सासूनं बसच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला, "लेक गेली, तं जावईबी गेला का?"

भाऊ माझ्या दारात आले. "चालता का गुरुजी? एकट्यानं जमून नाई राह्यलं."

चंद्रपूर ओलांडेपर्यंत भाऊच मागे बसले, त्यामुळे त्यांनी विचारलंच नाही. मीच गाडी चालवली. जंगल लागलं तसं त्यांनी हँडल आपल्याकडे घेतलं. निष्पर्ण सागांमधून वाट स्वप्नातल्यासारखी सरकत होती. मग नाला आला. मी उतरलो, पँट गुडघ्यावर घेतली, काठीनं पाणी चाचपत पुढे झालो. पलीकडे मागे बसलो. भाऊंनी मान अर्धी वळवली. नजर माझ्याकडे नव्हती, पाण्याकडे होती.

"बसली का?"

बारीक आवाज काढायचं मनातही आलं नाही. आपल्याच घोगऱ्या आवाजात म्हटलं, "बसली जी. चला."

इंजिन नुसतंच धडधडत राहिलं. मग गिअर पडला.

थोडं पुढे गेल्यावर भाऊंचा हात मागे आला, तळवा उघडा. मी तंबाखूला कधी शिवत नाही. पण बाईंची तंबाखूची चंची अजून सीटलाच बांधलेली होती. जमेल तशी मळून चिमूट त्या तळव्यावर ठेवली. भाऊंनी ती तोंडात टाकली आणि खाणीतल्या साहेबाची गोष्ट सुरू केली. सासुरवाडी येईपर्यंत मी मागून हं हं करत राहिलो.