साध्या पाण्याची फवारणी

भादव्यातली गोष्ट. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आलो तर नितेश पाठीवर पंप घेऊन माझ्या कपाशीत फवारणी करत होता. मी त्याला सांगितलं नव्हतं. औषधही आणून ठेवलं नव्हतं. मी ओरडलो, "काय मारून राह्यला रे?"

"पाणी, आबा. साधं."

आदल्या दिवशी दणकून पाऊस झालेला. पाण्यावर पाणी मारणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"काऊन?"

"गाण्यात लिवलं की पट्टा खांद्याले काचते म्हून. पण काचते का नाही ते पाह्यलं पाह्यजे ना! आपल्यात खोटं नाही चालत."

हा नितेश म्हणजे आमच्या गंगारामचा पोरगा. गंगाराम माझ्याकडं सालानं होता, वर्षाच्या करारावर शेतात राबायचा. पोरगं रांगत होतं तेव्हा तापानं गेला. माय गावच्या शाळेत खिचडी शिजवते, तिनंच याला बारावीपर्यंत नेलं. त्यापुढं याला रॅप लागला. देवी लागावी तसा लागला.

रॅप म्हणजे काय, हे मला विचारू नका. माझी शाळा तिसरीपर्यंत. मास्तरची बदली झाली, त्याच्यासोबत माझी शाळाही गेली. पण ऐकून कळतं ते सांगतो. गाणं म्हणायचं नाही, बोलायचं. पण असं बोलायचं की समोरच्याला मधी तोंड घालता येऊ नये. आमचं गाव तेलंगणात, बाजारहत्नूरच्या अलीकडं. इथं घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि व्यापाऱ्यासोबत हिंदी. नितेश तिन्ही एकाच दमात बोलतो. मी म्हटलं, "असं त आमचा कापसाचा दलालबी बोलते." तो म्हणाला, "बरोबर हाय, आबा. त्याच्यापासूनच शिकलो. भाव पाडताना कसा सुटते तो, ऐकलं का कधी? श्वास घेत नाही!"

नावही त्यानं स्वतःच ठेवलं, रॅपर पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. त्याची माय कपाळाला हात लावते. म्हणते, "लोकाईचे पोरं वाघाचं नाव घेतात, सिंहाचं घेतात. माह्यावालं झाडाचं नाव घेऊन बसलं. तेबी सरपणाचं!"

त्याची एकच अट. जे केलं नाही, ते गाण्यात घालायचं नाही. विंचवावर ओळ सुचली तर गडी उन्हात दगड उलथत फिरला. विंचू काही चावला नाही, म्हणून ओळ खोडली. उपासावर लिहायचं म्हणून दिवसभर जेवला नाही, आणि दिवेलागणीला माझ्या पडवीत येऊन पाच भाकरी मोडल्या. उपासाची ओळ एकच झाली. भाकरीवर मात्र अख्खं गाणं झालं.

मी काही भोळा माणूस नाही. या पोराला अनुभव पाहिजे आणि माझ्या गोठ्यात म्हशीचं शेण पडलेलं. मी सहज म्हटलं, "नितेश, शेणावर कोनी गाणं लिवलं नाही बा अजून." दुसऱ्या दिवशी गोठा लख्ख. मग तुराट्या रचण्यावर, शेताच्या चरातला गाळ काढण्यावर, कुंपणाच्या काट्यांवर, अशी बरीच गाणी मी त्याला सुचवली. शेजारचा लक्ष्मण धुऱ्यावरून ओरडायचा, "आबा, पोराले फुकट राबवून राह्यले तुमी!"

"राबवून नाही राह्यलो. अनुभव देऊन राह्यलो. तुले पाह्यजे असन त तूबी ये."

काम झालं की आम्ही लिंबाखाली बसायचो. तो रिकामा पंप उलटा ठेवून त्यावर बोटं आपटायचा आणि बोलायचा.

"खांदा काचला, पट्टा रुतला,
पानाखालचा किडा मले पाहून हसला..."

मग थांबून विचारायचा, "खरं वाटते का, आबा?"

मी म्हणायचो, "नाही." आवडलं तरी नाहीच. "साध्या पाण्यानं किडा हसनच ना रे!"

"म्हंजे ओळ खरी हाय!"

माझ्या नाहीला कारण होतं. आमच्याकडं पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात. यमक जुळवून एकमेकाची इज्जत काढायची, आणि शेवटी सगळ्यांनी हर बोला करायचं. या गावात झडती म्हणावी तर मीच. कालच्या पोरानं मला यमक शिकवावं? एकदा मी त्याला तोंडावरच सुनावली.

"ना गोठ्यात बैल, ना हातात कासरा,
मायच्या भाकरीवर गाण्याचा आसरा!"

वाटलं पोरगं हिरमुसलं होईल. ते टाळ्या वाजवत उभं राहिलं. "आबा! हे त डिस हाय! एक नंबर!" त्यांच्यात समोरच्याचा पाणउतारा करणाऱ्याला मोठा मान असतो म्हणे. लगेच त्यानं पंपावर बोटं आपटली.

"कासरा तुमचाबी खुंटीवर, बैल गेले कवाचे,
ट्रॅक्टरवाल्याले हात जोडणारे आबा कोन्या गावाचे?"

मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. ओळ खरी होती.

दसरा झाला आणि नितेशला आदिलाबादहून बोलावणं आलं. दिवाळीनंतरच्या रविवारी मोठ्या मैदानात कार्यक्रम, चार जिल्ह्यांतले रॅपर येणार, आणि प्रत्येकानं नवं गाणं म्हणायचं. मायनं मात्र बजावलं, "हे शेवटचं. इथं जमलं त ठीक, नाही त सोमवारी मंचेरियलले मामाच्या दुकानात बसायचं." मामाचं लोखंडाचं दुकान आहे. तिथं खिळे मोजण्यावर किती गाणी होतील, ते नितेशलाही माहीत होतं.

आदिलाबादचा एक गाणी रेकॉर्ड करून देणारा माणूस त्याला म्हणाला, "अन्ना, बंदूक घाल, मोठी गाडी घाल, पब्लिकले तेच पाह्यजे." वर काळा चष्माही दिला. नितेशनं चष्मा परत केला. मला सांगत होता, "आबा, मी कोंबडीबी कापली नाही कधी. मले काय शोभन बंदूक?"

"मंग कायच्यावर म्हणशीन?"

"बापावर."

 ते गाणं मी रोज ऐकलं. वेचणी सुरू झाली होती, तो कमरेला फडक्याचा ओटा बांधून बायांसोबत कापूस वेचायचा आणि तोंडानं पुटपुटायचा. गाण्यात सगळं होतं. पंप होता, गाळ होता, काटे होते, माझं शेणसुद्धा होतं. पण लिंबाखाली म्हणताना मधीच एका ठिकाणी तो गप्प व्हायचा. बोटं पंपावर चालू, तोंड बंद. मग पुढं सुरू.

"इथं काऊन दातखीळ बसते तुह्यी?"

"तिथलं आलं नाही अजून."

कार्यक्रम तोंडावर आला, तरी ती जागा रिकामीच. मी म्हटलं, "अरे टाक ना काहीबी. तिथं कोन तपासाले बसलं?"

"मीच बसलो ना, आबा."

शुक्रवारी दुपारी बाया जेवायला गेल्या. तो लिंबाखाली आला, पण बसला नाही. ओट्यात कापूस तसाच भरलेला.

"आबा, त्या जागी बाप बोलते. तो कसा बोले, मले मालूम नाही. फोटो हाय घरी, पण फोटो काय बोलते? मायले विचारलं त म्हणते, चांगला बोले. चांगला म्हंजे कसा?"

तेव्हा मला उमगलं. गोठा गंगाराम काढायचा. गाळ, तुराट्या, काटे, सगळं गंगारामच करायचा. मला वाटत होतं, कामं मी सुचवतोय.

"मंग पह्यलेच काऊन नाही विचारलं रे?"

"तुमी सांगतलं असतं का? पाणी मारलं तवा आवाज दिला तुमी. त्याच्या आधी कधी बोलले माह्यासंग?"

तेही खरं. मी उठलो. धोतर झटकलं. मी कुणाच्या नकला करत नाही, सालदाराची तर आयुष्यात केली नसती. पण गंगाराम दुपारी त्या नाल्याकडच्या धुऱ्यावर उभा राहून मला जेवायला हाक मारायचा, तशी मी मारली.

"होऽऽ मालक होऽऽ! ऊन डोक्यावर, भाकर फडक्यावर, याऽऽ होऽऽ!"

 नितेश म्हणाला, "त्याचं यमक जुळे, आबा?"

"रोज. रोज नवं. एक दिवस सारखं म्हटलं नाही बेट्यानं."

"अजून एक डाव म्हणा."

मी म्हटली. "मोबाईलात भरून घे ना," मी म्हटलं.

"नाही. त्याच्यात तुमचा आवाज येईन."

एवढं बोलून तो कपाशीतून चालायला लागला. मला वाटलं, गेला वेचायला. मी खाली बसून भाकरीचं फडकं सोडलं. लोणच्याची फोड शोधत होतो, आणि नाल्याकडच्या धुऱ्यावरून हाक आली.

"होऽऽ मालक होऽऽ! ऊन डोक्यावर, भाकर फडक्यावर..."

मी दिलेल्या हाकेसारखी नव्हती ती. मी 'याऽऽ' सरळ ओढला होता. गंगारामचा 'याऽऽ' शेवटी थोडा फाटायचा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच आठवत नव्हतं. धुऱ्यावरचा 'याऽऽ' शेवटी फाटला.

तिकडून नितेशनं विचारलं, "खरं वाटते का, आबा?"

पण त्याआधीच मी उभा राहून, तोंडाला दोन्ही हात लावून ओरडलो होतो, "आलो रे, गंगाराम!"