केकखालचा डाग

बर्टिलने केकची थाळी डागावर ठेवली, जराशी डावीकडे सरकवली आणि मागे होऊन पाहिलं. डाग दिसत नव्हता.

नवा ओटा बसून जेमतेम आठवडा झाला होता. दगड स्वीडनच्या ओलांड बेटावरचाच, जवळच्या खाणीतला, करड्या चुनखडीचा. तो त्याच्या बायकोने, मार्गिटने निवडला होता. आजारपणात नमुन्याचा तुकडा उशाशी ठेवून ती म्हणायची, "आपल्या चर्चची फरशी याचीच आहे. इतकी वर्षं लोक तुडवतायत, झालंय का काही तिला?" ओटा बसला तेव्हा ती नव्हती.

तिची थोरली बहीण गुनवोर ग्रॅनाइटच्या बाजूची. चुनखडीवर आंबट सांडलं की संपलं, हे दोघांना सांगून ती थकली होती. आज ती ओटा बघायला येणार होती आणि काल बर्टिलने मार्गिटसारखे हेरिंग मासे मुरवायला घेतले. साऱ्या गावाच्या पायांना पुरून उरलेला दगड व्हिनेगरच्या एका बाटलीपुढे हरला. बाटलीच्या बुडाचं पांढरट कडं उमटलं ते घासूनही जाईना. आता गुनवोर म्हणणार, मार्गिट चुकली. आणि उत्तर द्यायला मार्गिट नाही.

भरवसा होता तो थाळीचा. केकचा शेवटचा तुकडा रीत म्हणून गावात कोणी उचलत नाही आणि तो असेपर्यंत थाळी हलत नाही.

गुनवोर आली, ओट्याशी बसली, चहात पिळायला लिंबू मागून घेतलं. तेवढ्यात शेजारच्या सिक्स्तेनने दार वाजवलं. त्याला घेऊन बर्टिल परत आला तर गुनवोरची भलीमोठी पर्स ओट्यावर.

"खाली ठेवू का ती?"

"राहू दे. फरशी गार आहे."

"पर्सला सर्दी होते का?" सिक्स्तेनने विचारलं.

"तू केक खा."

सिक्स्तेनने तो मनापासून खाल्ला. एकच तुकडा उरला.

"घे ना," बर्टिल नाइलाजाने म्हणाला.

"छे छे, गुनवोरला दे."

"मला नको बाई."

सिक्स्तेनने सुरी घेऊन तुकडा अर्धा केला, खाल्ला. मग अर्ध्याचा अर्धा.

"हात पुरत नाही रे," म्हणत सिक्स्तेनने थाळीच स्वतःकडे ओढली. "अरे, हे काय?"

"व्हिनेगर," बर्टिल म्हणाला. "माझ्या हातून झालं. मार्गिटची काही चूक नाही."

गुनवोरने हळूच पर्स उचलली. खाली पिळलेली लिंबाची फोड होती आणि तिच्याभोवती पांढरट डाग.

"पुसायला गेले तर पसरलं," ती म्हणाली.

"ग्रॅनाइट असता तर..." सिक्स्तेनने सुरुवात केली.

"तू गप रे. बर्टिल, जुन्या ओट्यावर मार्गिटचा ब्रेडचा डबा कधी हललेला पाहिलास?"

"नाही. कायम तिथेच असायचा."

"तिथे तिने गरम इस्त्री ठेवली होती. तुला सांगू नको म्हणाली होती."

बर्टिलने उठून फळीवरचा तोच डबा काढला आणि दोन डागांच्या मधे उभा राहिला.

"कुठे ठेवू?"

"माझ्या डागावर." गुनवोरने थाळी पुन्हा जागेवर सरकवली. "तुझ्या डागावर केक आहे."

सिक्स्तेनने उरलेल्या पाव तुकड्याकडे हात नेला.

"ठेव तो," दोघं एकदमच म्हणाली.